दावीद राजा, यरीहोची भिंत आणि दोन वडापावची पैज

चौथी_सीट | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, एक पैज लागली आहे आणि निकाल तुम्ही लावायचाय.

सकाळच्या विरार फास्टमध्ये आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. भजनवाले शेजारच्या डब्यात, आम्ही वादवाले. गेल्या आठवड्यात कुणीतरी बुडालेल्या द्वारकेचा व्हिडिओ दाखवला. त्यावरून जुंपली. मीरा रोड यायच्या आत वसईला चढणारा आमचा कॅथलिक दोस्त म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, पण आमचं बायबल म्हणजे इतिहास आहे. यरीहोची पडलेली भिंत खणून काढलीय." मी बायबल वाचलेलं नाही, पण तोंड गप्प बसेना. म्हटलं, "भिंतीचं सोड, तुमच्या एवढ्या मोठ्या दावीद राजाचं नाव कोरलेला एक दगड दाखव. एकही नाही." पैज दोन वडापावची.

लहानपणी शाळेबाहेर कुणीतरी वाटलेला खिशात मावणारा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, घरी होता. त्याचा पातळ कागद मला फार आवडायचा. माझा परिचय तेवढाच.

तर प्रश्न असा, की इतिहास म्हणून बायबलवर कितपत भरवसा ठेवायचा? कुणाच्या श्रद्धेवर घसरू नका. पुरावे सांगा.

मिसळ_कमीतिखट | सोमवार, रात्री १०:२०

जागा धरून बसले आहे. प्रतिसादांची शंभरी नक्की.

ठोकळा | सोमवार, रात्री १०:२४

सगळे धर्मग्रंथ थापा. धागा संपला.

अश्मक | सोमवार, रात्री ११:०५

ठोकळा, तुमचा धागा संपला असेल, आमचा आत्ता सुरू होतोय.

चौथी_सीट, पैजेपुरतं बोलायचं तर दोघंही हरलात.

आधी तुमचं. १९९३ साली इस्रायलच्या उत्तरेला तेल दान इथे उत्खनन चालू होतं. तिथल्या भिंतीत एक कोरीव दगड सापडला. म्हणजे कुणीतरी जुना शिलालेख फोडून बांधकामाला वापरला होता, आपल्याकडे देवळाच्या पायरीला वीरगळ लावतात तसा. अरामी लिपी, इ.स.पू. नववं शतक. त्यात एक परका राजा फुशारकी मारतो की मी इस्रायलच्या राजाला मारलं आणि 'दावीदच्या घराण्या'च्या राजाला मारलं. काही अभ्यासकांनी ते अक्षर वेगळं वाचून बघितलं, पण बहुतेकांनी 'दावीदचं घराणं' हेच मान्य केलंय. शिवाय हे शत्रूने लिहिलंय. तो कशाला दावीदची जाहिरात करेल?

आता तुमच्या दोस्ताचं. यरीहोला गारस्टँग यांनी १९३० च्या दशकात खणलं आणि पडलेल्या भिंती सापडल्या, त्या यहोशवाच्याच (बायबलमध्ये यरीहोची भिंत पाडणारा इस्रायली सेनापती) असं जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या. मग १९५२ ते १९५८ कॅथलीन केनयन यांनी जास्त काटेकोर पद्धतीने, मातीच्या एकेका थराचा हिशेब ठेवत खणलं. निघालं असं की त्या भिंती यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या हजारेक वर्षं आधीच्या. नंतरचं शहर इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या सुमारास जळून गेलं. यहोशवा तिथे कर्णे फुंकत सात फेऱ्या घालतोय असं धरलं, तर पाडायला तटबंदी असलेलं शहरच नव्हतं. पुढे एकाने तो विध्वंस इ.स.पू. १४०० पर्यंत ओढायचा प्रयत्न केला, पण जळक्या धान्याच्या कार्बन चाचणीने केनयनबाईंचीच बाजू घेतली.

एकेक वडापाव द्या एकमेकांना.

चौथी_सीट | सोमवार, रात्री ११:१८

म्हणजे हिशेब शून्य? एवढं भांडून?

भायखळा_पूर्व | मंगळवार, सकाळी ७:४०

नमस्कार. माझे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक होते. मी विश्वासातली आहे हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणाला शोध लागल्यासारखं वाटायला नको.

अश्मक, यरीहोबद्दल तुम्ही म्हणता ते मी ऐकलेलं आहे. पण खणण्यात सापडलं नाही म्हणजे घडलंच नाही, एवढी घाई कशाला? बेलशस्सरचंच बघा. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात तो बाबेलचा, म्हणजे बॅबिलॉनचा, राजा. ग्रीक इतिहासकारांच्या याद्यांत शेवटचा राजा नबोनिदस, बेलशस्सर कुठेच नाही. त्यामुळे पंडित म्हणायचे, कल्पित पात्र. मग १८५४ साली ऊर इथे मातीचे लेख सापडले, त्यात नबोनिदस आपल्या थोरल्या मुलासाठी प्रार्थना करतो, आणि मुलाचं नाव बेलशस्सर. बाप वर्षानुवर्षं राजधानीबाहेर आणि कारभार मुलाकडे. म्हणूनच तो दानीएलला 'राज्यातला तिसरा' करतो म्हणतो, कारण तो स्वतःच दुसरा! शेकडो वर्षं जगाला नाव माहीत नव्हतं, ते या पुस्तकाने जपलं होतं.

चिकित्सक_चिंगी | मंगळवार, सकाळी ९:०२

भायखळाताई, उदाहरण छान, पण अर्धंच सांगितलंत. तेच पुस्तक त्याला बाबेलच्या आधीच्या राजाचा, नबुखद्नेस्सरचा, मुलगा म्हणतं. तो होता नबोनिदसचा, आणि नबोनिदस त्या राजघराण्यातलाही नव्हता. नाव जपलं, नातं चुकलं. ऐकीव आठवणीत नेमकं हेच होतं. आमच्याकडे आजी आजोबांच्या मामांचं नाव बरोब्बर सांगायची, पण ते कुठल्या गावचे ते दर वेळी वेगळं.

आता तुम्ही मला एक सांगा. येशूची चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, आहेत ना, त्यात लूक म्हणतो, येशूचा जन्म झाला तेव्हा क्विरीनिय सूरियाचा सुभेदार होता आणि नावनिशी, म्हणजे जनगणना, चालू होती. मत्तय म्हणतो हेरोद राजा जिवंत होता. हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये. योसेफस या ज्यू इतिहासकाराच्या हिशेबाने क्विरीनियची नावनिशी इ.स. ६ ची. मधली नऊ वर्षं कुठे ठेवायची?

गिरगावचा_गणू | मंगळवार, सकाळी ११:३०

अवांतर: हे भांडण मुंबईला नवीन नाही. १८५७ साली, तिकडे उत्तरेत बंड पेटायच्या सुमारास, इकडे समुद्राच्या वाळूत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी आठवड्यातून एकदा संध्याकाळी जाहीर वाद घालत. गर्दी व्हायची. जॉर्ज बोएन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने त्याची हकिकत छापली, बुवांच्या बाजूनेही मराठीत छापली गेली. त्याच्याही आधी १८३१ मध्ये जॉन विल्सनसाहेब आणि मोरभट दांडेकर यांची खडाजंगी झालेली. दोन्ही वेळा दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणत घरी गेल्या.

फरक एवढाच की तेव्हा वाळूत बसावं लागायचं, आता चार्जिंग लागतं.

मिसळ_कमीतिखट | मंगळवार, सकाळी ११:४१

+१. आणि तेव्हा भेळ मिळत असणार.

सुकेळी | मंगळवार, दुपारी २:१५

मी वसईचा, सेवानिवृत्त शिक्षक. चौथी_सीट यांचा दोस्त मी नव्हे, पण त्याच्या घरापासून माझं घर फार लांब नसावं.

त्याला माझ्यातर्फे सांगा की 'बायबलमधला शब्दन् शब्द इतिहास' ही आमच्या चर्चची शिकवण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट लिहून ठेवलंय की लेखकाने कुठला साहित्यप्रकार वापरला ते आधी बघा, मग अर्थ लावा. स्तोत्र आहे का, दृष्टांत आहे का, वंशावळ आहे का, कायदा आहे का. बायबल हे एक पुस्तक नाहीच, कपाट आहे. कपाटावर 'खरं' किंवा 'खोटं' अशी चिठ्ठी कशी चिकटवणार? आमचे एक जुने फादर सांगायचे, उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणूस शेवटी होतो आणि दुसऱ्या अध्यायात झाडांच्याही आधी. ज्यांनी ही दोन्ही एकाखाली एक ठेवली ते काही आंधळे नव्हते. त्यांना दोन्ही हवी होती.

हे मी मुलांना सांगायचो तेव्हा पालक तक्रार करायचे. तक्रार करणारे दोन्ही धर्मांचे असत.

ठोकळा | मंगळवार, दुपारी २:२२

म्हणजे सोयीचं असेल तिथे इतिहास, अडचण आली की साहित्यप्रकार. वा!

सुकेळी | मंगळवार, दुपारी २:५०

ठोकळासाहेब, तुमचा टोमणा अगदीच वाया जाणारा नाही. आमच्यातही असं करणारे आहेत. म्हणून तर आधी प्रकार ठरवायचा आणि मग पुरावा बघायचा. उलट्या क्रमाने केलं की तुम्ही म्हणता ते होतं.

कुलाबा_कंदील | मंगळवार, सायंकाळी ६:१०

पुरावे बघायला जेरुसलेमला जायची गरज नाही, काळा घोड्याला या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अश्शूरच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या जुन्या साम्राज्याच्या, राजवाड्यांतले दगडी शिल्पपट आहेत. दाढीच्या कुरळ्या बटा मोजून घ्याव्यात असं काम. शाळेच्या सहली त्यांच्यासमोरून धावत पुढे जातात, त्यामुळे निवांत बघता येतात.

ते मुंबईत कसे, याचा रस्ता असा. १८४० च्या दशकात लेयार्ड नावाचा इंग्रज अश्शूरच्या जुन्या शहरात, निमरूदला, खणत होता. माल तैग्रिस नदीतून तराफ्यांवर बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून लंडनला. त्या फेऱ्यांत इथे पेट्या उघडल्या गेल्या, लोकांनी गर्दी करून बघितलं, आणि लेयार्डने नंतर कुरकुर केली की कुणाला विचारून उघडल्या? त्याच काळात इथून गेलेला एक नग म्हणजे काळा स्तंभ, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर अश्शूरच्या राजापुढे नाक घासणारा माणूस कोरलाय आणि वर लिहिलंय: येहू. जुन्या करारातला इस्रायलचा राजा येहू! बायबलमधल्या राजाचं त्याच्याच काळात काढलेलं चित्र. मुंबईच्या धक्क्यावर हमालांनी ते उचललं तेव्हा ते वाचता येणारं कुणीही नव्हतं.

चिकित्सक_चिंगी | मंगळवार, सायंकाळी ६:४४

कंदील, मस्त. पुढची गंमत मी सांगते. त्या स्तंभावर येहूला 'अम्रीचा मुलगा' म्हटलंय. बायबलप्रमाणे येहूने अम्रीचं अख्खं घराणं कापून काढलं आणि मग गादी घेतली. अश्शूरच्या कारकुनाला इस्रायल म्हणजे 'अम्रीचं घर' एवढंच ठाऊक, त्याने तसंच ठोकून दिलं. म्हणजे दगडावर कोरलंय म्हणून ते बरोबर असंही नाही.

अश्मक | मंगळवार, रात्री ९:३०

चिंगी, हाच मुद्दा महत्त्वाचा. अश्शूरचा राजा सन्हेरीब याची यहूदावरची स्वारी घ्या, इ.स.पू. ७०१. ही एक घटना दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे, आणि तीही सविस्तर.

सन्हेरीबच्या मातीच्या लेखात तो म्हणतो: यहूदाचा राजा हिज्कीया याची ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि त्याला यरुशलेमात, म्हणजे जेरुसलेममध्ये, पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. खंडणी ३० किक्कार (जुनं वजन) सोनं, ८०० किक्कार चांदी. बायबलमध्ये राजांच्या दुसऱ्या पुस्तकात: सन्हेरीबने तटबंदीची नगरं घेतली, हिज्कीयाने लाखीशला निरोप धाडला की चुकलो, आणि खंडणी दिली ३० किक्कार सोनं, ३०० किक्कार चांदी. सोन्याचा आकडा दोन्हीकडे तोच! चांदीत पाचशेचा घोळ, तो कुठल्या हिशेबनिसाने केला देव जाणे. लाखीशचा वेढा तर सन्हेरीबने निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतला.

आता शेवट. बायबल म्हणतं, देवदूताने एका रात्रीत एक लाख पंच्याऐंशी हजार सैनिक मारले आणि सन्हेरीब परतला. सन्हेरीब देवदूताचं अर्थातच बोलत नाही. पण 'यरुशलेम घेतलं' असंही कुठे म्हणत नाही. एवढा बढाईखोर राजा राजधानी घेतली असती तर गप्प बसला असता? स्वारी, लाखीश, खंडणी, न पडलेली राजधानी, एवढं दोन शत्रूंच्या साक्षीने पक्कं. परत का फिरला, तिथे इतिहासाची हद्द संपते.

इस्रायलच्या शेजारच्या मवाबचा राजा मेशा याचा शिलालेखही असाच. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमध्ये सापडला, आता पॅरिसला. बायबल म्हणतं मवाबने बंड केलं आणि इस्रायलने त्यांची दाणादाण उडवली. मेशा म्हणतो बंड केलं आणि मीच जिंकलो. तो श्रेय आपल्या देवाला देतो, हे आपल्या देवाला.

गिरगावचा_गणू | मंगळवार, रात्री ९:३८

विल्सन-दांडेकर, भाग शून्य.

धनसाक_रविवारी | मंगळवार, रात्री १०:०१

आमचा इराणचा बादशहा सायरस विसरला काय सगळा? बायबलमध्ये कोरेश म्हणून आहे. यशयाची पोथी त्याला चक्क देवाचा 'अभिषिक्त' म्हणते, परका राजा असून! त्याचा मातीचा सिलिंडर २०१३ च्या डिसेंबरात इथे म्युझियममध्ये आणला होता तेव्हा माझी मम्मी तीनदा जाऊन आली. हातभर पण नाही लांब, आणि मम्मी अशी उभी राहिली जसा काय मामाच भेटला. त्याच्यात लिहिलाय की बाबेल घेतल्यावर देवांच्या मूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवली. तेच बायबल म्हणते की यहुद्यांना घरी जायला दिला.

माझा मराठी सांभाळून घ्या. कॉलनीत कोणी बोलते नाही.

चिकित्सक_चिंगी | मंगळवार, रात्री १०:१५

मराठी फर्स्ट क्लास आहे. एक छोटी पुस्ती: सिलिंडरमध्ये यहुद्यांचं किंवा यरुशलेमचं नाव नाही. धोरण जुळतं, नाव नाही.

धनसाक_रविवारी | मंगळवार, रात्री १०:१९

मम्मीला नको सांगू.

शनवारतेली | बुधवार, सकाळी ८:०५

इतका वेळ वाचत होतो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. घरात मराठी, सणाला पुरणपोळी चालते, नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा: पोहे, गूळ, खोबरं, फळं.

ज्यावर तुम्ही भांडताय त्या पुस्तकाचा 'जुना' भाग आमचा आहे, आणि आम्ही त्याला जुना म्हणत नाही. पण माझी गोष्ट वेगळी. आमचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, तोंडात फक्त 'शेमा' प्रार्थना उरली, असं आम्ही सांगतो. याला कागद आहे का? नाही. शिलालेख? नाही. सात आणि सात हा आकडा किती गोष्टीवेल्हाळ आहे ते मलाही कळतं. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली कोकणात होते, आणि मशीद बंदर स्टेशनजवळ १७९६ साली बांधलेलं सिनेगॉग, आमचं प्रार्थनामंदिर, आजही आहे. स्टेशनाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. म्हणजे गोष्टीच्या आत काहीतरी होतं.

निर्गमाचं, म्हणजे पूर्वज मिसरातून (इजिप्तमधून) गुलामीतून सुटून आले त्या गोष्टीचं, मला तसंच वाटतं. सहा लाख पुरुष, म्हणजे बायका-मुलं धरून वीस लाखांवर माणसं चाळीस वर्षं वाळवंटात? त्यांच्या चुलींच्या राखेचे डोंगर सापडायला हवेत. सिनायमध्ये काही सापडलेलं नाही. ते सगळे काही मिसरमधून आले नसतील. एक लहानसा गट आला असेल, आणि त्याची गोष्ट पुढे सगळ्यांनी आपली मानली असेल. १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापलेली हग्गादा, म्हणजे ही गोष्ट सणाला वाचायची पोथी, आहे, हिब्रू आणि मराठी. सणाच्या रात्री आम्ही म्हणतो, 'आम्ही मिसरात दास होतो.' कोकणातले तेली!

भायखळा_पूर्व | बुधवार, सकाळी ९:२०

शनवारतेली, फार छान लिहिलंत. पटलं सगळं नाही, पण दोनदा वाचलं.

अश्मक | बुधवार, सकाळी १०:१०

दंडवत. त्यात एकच भर: मिसरच्या बाजूने 'इस्रायल' हे नाव पहिल्यांदा येतं ते मेर्नेप्ताह फेरोच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. आणि तो म्हणतो काय, तर 'इस्रायल उद्ध्वस्त झाला, त्याचं बीजही उरलं नाही.' पुरावा म्हणून अस्सल, बातमी म्हणून साफ चुकीची.

ठोकळा | बुधवार, दुपारी १२:३०

जुन्या कराराचं ठीक आहे, राजेरजवाडे असतात. येशूचं काय? चार चेले चार गोष्टी सांगतात.

अश्मक | बुधवार, दुपारी ३:४०

ठोकळासाहेब, धाग्यातला तुमचा पहिला खरा प्रश्न. आपल्या ओळखीच्या मापाने मोजू.

शिवाजी महाराज गेले १६८० ला. सभासदाने बखर लिहिली १६९७ ला, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. सतरा वर्षांचं अंतर, लिहिणारा दरबारातला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८१० च्या आसपास, म्हणजे एकशे तीस वर्षांनी. इतिहासकार सभासदाला मान देतात, चिटणीसांना चिमटीत धरून वाचतात, आणि दोघांपेक्षा जास्त वजन त्या काळातल्या अस्सल पत्रांना देतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींची काय सालटी काढली ते इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे.

आता येशूला क्रुसावर दिलं इ.स. ३० किंवा ३३ ला. मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक ७० च्या आसपास ठेवतात, योहानाचं ९० च्या पुढे. म्हणजे सभासदापेक्षा दूर, चिटणीसांपेक्षा जवळ. ही झाली बखर. पत्रं आहेत का? आहेत. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची. त्यातली सात सर्वमान्य, इ.स. ५० ते ६० या दशकातली. गलतीकरांच्या पत्रात तो सहज लिहून जातो की मी केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. खुद्द भावाला भेटलेला माणूस पत्र लिहितोय! येशू नावाचा माणूसच नव्हता म्हणणाऱ्यांना हे पत्र गिळता येत नाही.

बाहेरचे साक्षीदारही आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमारास लिहितो की 'ख्रिस्तस'ला रोमन सुभेदार पिलाताने मृत्युदंड दिला, आणि त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. पिलाताचं नाव कोरलेला दगड कैसरियाला १९६१ मध्ये सापडला.

चिकित्सक_चिंगी | बुधवार, दुपारी ४:१५

बखरीचं माप आवडलं, पण दोन ठिकाणी सैल आहे. सभासद स्वतःचं नाव सांगतो. शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकाचं नाव नाही, 'मत्तयकृत', 'मार्ककृत' ही शीर्षकं मागाहूनची. दुसरं, पौलाची पत्रं अस्सल खरी, पण त्यात येशूच्या आयुष्याबद्दल माहिती किती? मूठभर. शेवटचं भोजन, क्रूस, पुनरुत्थान आणि थोडं इकडचं तिकडचं. पन्हाळा नाही, आग्रा नाही, नुसता राज्याभिषेक.

आणि योसेफसचा तो येशूवरचा प्रसिद्ध उतारा बऱ्याच अंशी नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी सजवलेला आहे. ज्यू माणूस 'हाच ख्रिस्त होता' असं कशाला लिहील?

सुकेळी | बुधवार, रात्री ८:००

चार चेले चार गोष्टी, यावर पेपर तपासणारा माणूस म्हणून बोलतो. पस्तीस वर्षं तपासलेत.

वर्गात तीन पेपर सारखे आले की आपण म्हणतो कॉपी. मत्तय, मार्क आणि लूक यांत वाक्यंच्या वाक्यं ग्रीकमध्ये सारखी आहेत, कंसातल्या टिपणीसकट. मत्तयात चोविसाव्या अध्यायात 'वाचणाऱ्याने समजून घ्यावे' असं मध्येच येतं, तेच मार्कात तेराव्यात. तोंडी आठवण सांगताना कुणी 'वाचणाऱ्याने' म्हणेल का? म्हणजे एकाने दुसऱ्याचा कागद समोर ठेवला होता. बहुतेकांचं मत, मार्कचा. मग ते तीन साक्षीदार राहत नाहीत, एक साक्षीदार आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती. पण हेही बघा, बदल करताना ते कुठे अवघडतात. मार्कमध्ये येशू आपल्या गावी 'काही महत्कृत्य करू शकला नाही.' मत्तयाने ते सौम्य करून 'फारशी केली नाहीत' केलं. मूळ लेखकाने लपवलं नव्हतं, हेच मला जास्त भरवशाचं वाटतं.

भायखळा_पूर्व | बुधवार, रात्री ९:१०

सर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता दोन्ही उघडून बघितलं. खरंच आहे.

आता माझा एक मुद्दा, नकलांचा. लोक म्हणतात दोन हजार वर्षांत नकला करताना सगळं बदललं. मृत समुद्राजवळ कुमरानला १९४७ मध्ये गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशयाचं अख्खं पुस्तक आहे, तोपर्यंत हातात असलेल्या सर्वांत जुन्या हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षं जुनं. आणि मजकूर बहुतांशी तोच! हजार वर्षं हाताने उतरवून. आपल्याला एक व्हॉट्सॲप मेसेज धड पुढे पाठवता येत नाही.

अश्मक | बुधवार, रात्री १०:००

यशयाचं अगदी मान्य. पण त्याच गुहांमध्ये यिर्मयाच्या पुस्तकाची छोटी आवृत्तीही मिळाली, नेहमीच्यापेक्षा सुमारे एक अष्टमांश कमी. दोन्ही एकाच काळी चालू होत्या.

आणि गल्याथ, दावीदने गोफणीने मारलेला तो राक्षसी योद्धा! मराठी बायबलमध्ये त्याची उंची सहा हात एक वीत, म्हणजे पावणेदहा फुटांच्या आसपास. कुमरानच्या शमुवेलाच्या प्रतीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात चार हात एक वीत, म्हणजे पावणेसात फूट. नकला करता करता माणूस तीन फूट वाढला. शिवाय शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, गल्याथाला मारणारा दावीद नाहीच, एलहानान नावाचा कुणी आहे. पुढे इतिहासाच्या पुस्तकात ते सावरून 'गल्याथाच्या भावाला' मारलं असं केलंय.

धनसाक_रविवारी | बुधवार, रात्री १०:०६

पावणेसात फूट तर आमच्या पारशी बागेत, कॉलनीत, पण एक आहे. दरवाजाला डोकं आपटते त्याचा रोज.

मिसळ_कमीतिखट | बुधवार, रात्री १०:०८

एलहानानवर अन्याय झालेला आहे. रेल रोको करा.

चिकित्सक_चिंगी | गुरुवार, सकाळी ८:५५

नव्या करारातही अशी ठिकाणं आहेत. 'जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा' ही गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. मार्कचा शेवटही चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या प्रतींत बायका कबरीपासून घाबरून पळाल्या, तिथेच थांबतो. पुढच्या बारा ओव्या नंतरच्या.

भायखळा_पूर्व | गुरुवार, सकाळी ९:३०

पहिल्या दगडाची गोष्ट नाही? ती तर आजोबांच्या सर्वांत आवडीची. माझ्या प्रतीत तिला चौकटी कंस आहेत, ते का आहेत असं मी लहानपणी विचारलं होतं. आजोबा म्हणाले, छापखान्याची सवय.

सुकेळी | गुरुवार, सकाळी १०:१२

त्यांना माहीत होतं. दहा वर्षांच्या नातीला काय सांगणार?

चौथी_सीट | रविवार, रात्री ९:४५

मंडळी, अहवाल.

शुक्रवारी गाडीत दोस्ताला धागा वाचायला दिला. त्याने अंधेरी ते दादर एक शब्द काढला नाही, हे गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदा. यरीहो मान्य केलं. मी दावीद मान्य केला. पण मग त्याचं म्हणणं, तेल दानचा दगड पक्का आहे आणि यरीहोला निदान कुठलीतरी भिंत पडलीच होती, तेव्हा त्याचा दीड आणि माझा अर्धा. मी म्हटलं हजार वर्षं आधी पडलेल्या भिंतीचे गुण मिळत नाहीत.

शनिवारी दोघं म्युझियमला गेलो. कंदील, दाढीच्या बटा खरंच मोजण्यासारख्या आहेत, दोस्ताने मोजायला सुरुवातही केली. तिथून रमत गेट ऑफ मर्सीपर्यंत, म्हणजे शनवारतेलींच्या त्या सिनेगॉगपर्यंत, गेलो, बाहेरूनच बघितलं. वडापाव मशीद बंदरला खाल्ले. पैसे त्याने दिले, कारण माझ्याकडे सुटे नव्हते. आता तो म्हणतो, याचा पुरावा म्हणून धाग्यात नोंद कर. केली.

शनवारतेली | रविवार, रात्री १०:०२

पुढच्या वेळी आधी कळवा, आतून दाखवतो. ओळखपत्र आणा, दारावर बघतात.

चिकित्सक_चिंगी | रविवार, रात्री १०:२०

भायखळाताई, क्विरीनियचं उत्तर राहिलंय. नऊ वर्षं.

भायखळा_पूर्व | रविवार, रात्री १०:३१

आजच उपासनेनंतर पाळकांना विचारलं. ते म्हणाले, चहा घेऊन झाल्यावर सांगतो. नंतर दिसले नाहीत.

मिसळ_कमीतिखट | रविवार, रात्री १०:३३

शंभरी काही झाली नाही.